चकती बिडाची की सिरॅमिकची? : वेगवान मोटारीच्या ब्रेकांतील उष्णतेचा विचार

नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा वाहतुकीस मोकळा झाल्यावर ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग पूर्णत्वास गेला. सपाट प्रदेशात ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून त्याची आखणी झालेली असून मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा घातलेली आहे. पूर्वी विदर्भात ज्या मोटारींच्या वेगास रस्त्यानेच लगाम घातलेला असे, त्या मोटारी आता तासन् तास वेगाने धावू शकतात. वेग वाढला की थांबण्याचा विचार ओघानेच येतो. आणि ज्यांच्यापाशी शर्यतीच्या धर्तीची मोटार आहे, त्यांच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. तो असा की, ब्रेक सुधारावयाचे झाल्यास पोलादी चकत्या घ्याव्यात की सिरॅमिकच्या?

हा प्रश्न बहुधा चांगले आणि अधिक चांगले यांमधील निवड म्हणून मांडला जातो. सिरॅमिकची चकती अनेक पटींनी महाग असते, म्हणून ती मोटार लवकर थांबवीत असली पाहिजे, असा समज त्याच्या मुळाशी असतो. हा समज खरा नाही. आणि वेगाशी गाठ असल्यामुळे तो निरुपद्रवीही नाही. दोन्ही पदार्थांचा परस्परभेद थांबण्याच्या अंतरात नसून उष्णता सोसण्याच्या रीतीत आहे.

नावाविषयी थोडेसे

प्रथम एक गैरसमज दूर करणे इष्ट होय. ज्या चकतीस बोलण्यात पोलादी म्हटले जाते, ती मोटारीच्या बाबतीत सहसा पोलादाची नसते; ती करड्या बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. या बिडात शेकडा तीन ते साडेतीनच्या आसपास कार्बन असतो आणि त्याचा मोठा भाग ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड ताणास दुबळे ठरते, हे खरे. परंतु त्यांच्याचमुळे त्यात उष्णता झपाट्याने पसरते, कंपने विरतात आणि ओतकाम व कातकाम सुलभ होते. पोलाद अधिक बळकट असूनही उष्णतेने अधिक वाकते व ब्रेक लावताना अधिक किंचाळते. दुचाकींच्या पातळ चकत्या मात्र खरोखरच गंजरोधक पोलादाच्या असतात. म्हणून पुढील विवेचनात मोटारीच्या चकतीसाठी बीड हाच शब्द योजिला आहे.

सिरॅमिक हे नावही अपुरेच आहे. चिनी मातीच्या भांड्यांशी या चकतीचा काही संबंध नाही. कार्बनच्या तंतूंचा साचेबंद गोळा प्रथम निर्वात स्थितीत किंवा निष्क्रिय वायूत भाजून कार्बनमय केला जातो. नंतर सिलिकॉनच्या १४१४ अंश सेल्सिअस या वितळबिंदूहून अधिक तापमानास त्यात द्रवरूप सिलिकॉन मुरविले जाते. सिलिकॉन व कार्बन यांच्या संयोगाने सिलिकॉन कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ तयार होतो आणि तंतूंमुळे त्याचा ठिसूळपणा बराचसा आटोक्यात राहतो. भट्टीत पुनःपुन्हा व दीर्घकाळ चालणारी ही प्रक्रिया हेच या चकतीच्या भारी किमतीचे मुख्य कारण होय. या संयुक्त पदार्थाची घनता दर घन सेंटिमीटरास सुमारे २.३ ते २.४ ग्रॅम असते, बिडाची ७.२ च्या आसपास असते.

थांबण्याचे अंतर कोण ठरविते?

उदाहरणादाखल प्रवाशांसह १६०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक मोटार घेऊ जाता, ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदास ३३.३ मीटर वेगाने धावत असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे ८८९ किलोज्यूल भरते. टायर आणि कोरडी सडक यांमधील घर्षणांक ०.९ धरला, तर ती सुमारे ६३ मीटरांत व ३.८ सेकंदांत थांबते. या अवधीत ब्रेक सरासरी सुमारे २३५ किलोवॅट, म्हणजे ३०० अश्वशक्तीहून अधिक दराने गतीचे उष्णतेत रूपांतर करीत असतात. मोटारीतील सर्वांत सामर्थ्यवान यंत्र बहुधा इंजिन नसून ब्रेक असतो, असे जे म्हटले जाते त्याचा अर्थ हाच होय.

अंतराच्या या हिशेबात चकतीच्या द्रव्याचा कोठेही उल्लेख येत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्रेक चाक थांबवितो. मोटार थांबविते ती टायरची सडकेवरील पकड. सुस्थितीतील बिडाचा ब्रेक ताशी १२० किलोमीटर वेगाने फिरणारे चाक जागच्या जागी जखडू शकतो आणि तसे होऊ नये म्हणूनच चाक घसरण्यास प्रतिबंध करणारी एबीएस यंत्रणा बसविलेली असते. जेथे बिडाचा ब्रेकच टायरच्या पकडीची परिसीमा गाठतो, तेथे अधिक महाग चकतीला करावयास काही उरत नाही. उलट, पावसाने घर्षणांक ०.५ वर आला, तर तेच अंतर सुमारे ११३ मीटर होते आणि ते कमी करण्याचे सामर्थ्य कोणत्याही चकतीत नाही. चालकाचे लक्ष एक सेकंद विचलित झाले, तर ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच ३३ मीटर मागे पडलेले असतात. २०२३ साली परिवहन विभागाने समृद्धी महामार्गावर येणाऱ्या वाहनांच्या टायरांची तपासणी हाती घेतली होती. तिच्यामागील विचार या गणिताशी सुसंगतच होता.

उष्णतेचे भांडार

मग चकतीचे द्रव्य महत्त्वाचे ठरते ते कोठे? ते ठरते दुसऱ्या, पाचव्या किंवा दहाव्या वेळी ब्रेक लावताना. एकदा थांबताना निर्माण झालेली जवळजवळ सर्व उष्णता प्रथम चकतीत साठते आणि मग सावकाश हवेत जाते. वजन पुढे झुकत असल्यामुळे पुढच्या दोन चाकांवर शेकडा ७० च्या सुमारास भार येतो, असे धरले, तर पुढील प्रत्येक चकतीच्या वाट्यास सुमारे ३११ किलोज्यूल येतात. चकती १० किलोग्रॅम बिडाची असेल आणि बिडाची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमास व दर अंशास सुमारे अर्धा किलोज्यूल धरली, तर तिचे तापमान एका थांब्यात सुमारे ६२ अंशांनी वाढते.

आता तिच्या जागी निम्म्या वजनाची, म्हणजे ५ किलोग्रॅमांची सिरॅमिक चकती कल्पावी. या पदार्थाची विशिष्ट उष्णता साध्या तापमानास ०.८ च्या आसपास असून चकती तापली असता ती एकाच्या घरात जाते. गुणाकार केल्यास उत्तर येते ते पुन्हा ६२ अंशांच्या आसपास. चकती थंड असेल तर त्याहून काहीसे अधिकच. तात्पर्य, सिरॅमिक चकती कमी तापते ही समजूत निराधार आहे. वजन निम्मे आणि धारकता दुप्पट, असा हा सरळ व्यवहार आहे. घनता तिसऱ्या हिश्श्याइतकी असूनही चकतीचे वजन निम्म्याखाली फारसे उतरत नाही, याचे कारणही येथेच सापडते. पुरेशी उष्णता साठविता यावी म्हणून ती आकाराने मोठी करावी लागते.

तेव्हा सिरॅमिकचा गुण कमी तापण्यात नसून तापल्यावरही न बिघडण्यात आहे. बीड ७०० अंशांच्या पलीकडे गेले की त्याच्या अंतर्रचनेत बदल होऊ लागतात. पृष्ठावर काही ठिकाणी कठीण डाग पडतात, त्यांमुळे ब्रेक लावताना पायाखाली थरथर जाणवते आणि पुनःपुन्हा तापण्यानिवण्याने बारीक भेगा पडतात. सिरॅमिक चकती त्या तापमानासही आपला आकार व घर्षण टिकवून धरते. शिवाय उष्णतेचे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून ७०० अंशांवरील पृष्ठभाग ४५० अंशांवरील तेवढ्याच पृष्ठभागाच्या तिपटीहून अधिक उष्णता प्रारणाने बाहेर टाकतो. अधिक तापू शकणारी वस्तू अधिक वेगाने निवूही शकते.

या गुणाला मर्यादा नाहीत असे मात्र नाही. उघड्या पडलेल्या कार्बनच्या तंतूंचे हवेत सुमारे ४०० ते ५०० अंशांपासून ऑक्सिडीकरण होऊ लागते. चकतीची जाडी तेवढीच दिसत असली, तरी आतील कार्बन हळूहळू जळत असतो. म्हणूनच अशा चकतीची झीज केवळ जाडीवरून न ठरविता तिचे वजन करून ठरवावी लागते आणि किमान अनुज्ञेय वजन चकतीवर नोंदलेले असते. बिडाची चकती झिजते ती डोळ्यांना दिसेल अशी. सिरॅमिकची झीज तराजूला कळते.

इतिहासाची साक्ष

ब्रेकांच्या इतिहासातही हाच धडा दिसतो. चकतीच्या ब्रेकाचे एकस्व फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्येच इंग्लंडमध्ये घेतले होते. तथापि त्याचे सामर्थ्य जगापुढे आले ते १९५३ साली, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या चकत्या बसविलेली जॅग्वार मोटार विजयी झाली तेव्हा. ढोलाच्या आकाराचे जुने ब्रेकही एका थांब्यापुरते दुबळे नव्हते. परंतु उष्णता आत कोंडली गेल्याने त्यांची पकड तासागणिक ढासळत असे. जॅग्वारचा विजय हा एका थांब्याचा नसून शेकडो थांब्यांच्या सातत्याचा होता.

पुढे निव्वळ कार्बनच्या चकत्या कॉनकॉर्ड विमानात आल्या आणि १९७६ च्या सुमारास ब्रॅभम संघाने शर्यतीच्या मोटारींत त्यांचे प्रयोग केले. तथापि त्या थंड असताना नीट पकड घेत नाहीत. त्यामुळे रस्त्यावरील मोटारीस त्या निरुपयोगी होत्या. सिलिकॉन कार्बाइडच्या योगाने ही अडचण दूर झाली आणि २००१ मध्ये पोर्शच्या ९११ जीटी २ या मोटारीत अशा चकत्या मूळ उत्पादनातच बसविण्यात आल्या.

तीन प्रवास, तीन हिशेब

कोणती चकती योग्य, याचा निर्णय मोटारीच्या किमतीवरून न करता तिच्याकडून घ्यावयाच्या कामावरून केला पाहिजे. नागपुरातील मोटारीच्या बाबतीत तीन प्रकारची कामे संभवतात.

पहिले काम महामार्गाचे. तेथे वेग अधिक असला, तरी ब्रेक क्वचितच लावावा लागतो. एका पूर्ण थांब्याने चकती ६२ अंशांनी तापते आणि पुढील अनेक किलोमीटरांत वाऱ्याने निवते. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते हे खरे. पण शीत प्रदेशातील २० अंशांच्या तुलनेने हा फरक २५ अंशांचाच, म्हणजे अर्ध्या थांब्याच्या उष्णतेहूनही कमी आहे. नागपूरच्या उन्हाळ्याचे कारण दाखवून सिरॅमिकचा पुरस्कार करणे या हिशेबात टिकत नाही.

दुसरे काम घाटाचे. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर असून पायथ्याचे परतवाडा सुमारे ७०० मीटर खाली आहे. तेवढे उतरताना वर घेतलेली मोटार सुमारे ११,००० किलोज्यूल स्थितिज ऊर्जा गमावते. म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगावरील बारा थांब्यांइतकी! आकडा भयावह वाटतो. परंतु येथे एकूण ऊर्जेपेक्षा तिचा दर महत्त्वाचा. सुमारे ३० किलोमीटरांची ही उतरण पाऊण तासात पार केली, तर सरासरी दर अवघा ४ किलोवॅट पडतो. त्यातूनही हवेचा व चाकांचा अवरोध वजा होतो आणि खालचा गिअर टाकल्यास इंजिन आपला वाटा उचलते. उरलेली उष्णता वाहत्या हवेत सोडून देणे बिडाच्या चकतीस अवघड नाही. मोटार न्यूट्रलमध्ये सोडून ब्रेकवर सतत पाय ठेवणारा चालक संकटात सापडू शकतो खरा; पण तेथे बहुधा चकतीच्या आधी पॅड व ब्रेक ऑइल दगा देतात.

तिसरे काम शर्यतीच्या धावपट्टीचे. अशी धावपट्टी नागपुरात नाही. त्यासाठी ग्रेटर नोएडा, चेन्नई किंवा कोइमतूर गाठावे लागते. ग्रेटर नोएडा येथील २०११ मध्ये सुरू झालेल्या बुद्ध धावपट्टीचा एक सरळ भाग एक किलोमीटरहून लांब आहे. तेथे ताशी २५० किलोमीटरांवरून ८० वर यावयाचे, तर एका दमात सुमारे ३४६० किलोज्यूल उष्णता निर्माण होते आणि पुढील प्रत्येक बिडाची चकती सुमारे २४० अंशांनी तापते. ती पुरती निवण्यापूर्वीच पुढचे वळण येते, आणि हेच प्रत्येक फेरीत घडते. बीड ज्या ७०० अंशांना भिते, ते तापमान येथे दूर नसते. सिरॅमिक चकतीचे खरे क्षेत्र हेच. येथे मात्र एक विरोधाभास आढळतो. सतत अतितप्त राहिल्याने सिरॅमिकमधील कार्बन जळतो आणि महागडी चकती लवकर बदलावी लागते. म्हणून धावपट्टीवर वारंवार जाणारे कित्येक मोटारधारक बुद्ध्या बिडाच्या मोठ्या चकत्या बसवितात. त्या झिजतात, पण परवडतात.

दुर्लक्षित दुवा

ब्रेकांची साखळी चकतीपाशी संपत नाही. पेडलवरील दाब ज्या द्रवातून कॅलिपरपर्यंत पोहोचतो, ते ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. डॉट ४ या प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली आला तरी प्रमाणात बसतो. विदर्भाचे दोन-तीन पावसाळे काढलेले ऑइल कोणत्या अवस्थेत असेल, याची कल्पना यावरून यावी. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाऊनही चाकाला काहीच कळत नाही.

सिरॅमिक चकती येथे मदत करीत नाही. ती अधिक तापमानास काम करीत असल्यामुळे पॅडांवाटे कॅलिपरकडे अधिक उष्णता जाण्याची शक्यताच असते. म्हणून मूळ रचनेत अशा चकत्यांसोबत कॅलिपर, उष्णतारोधक भाग व पॅड हे सर्व एकत्र योजिलेले असतात. बिडासाठी बनविलेले पॅड सिरॅमिकवर चालत नाहीत. नुसत्या चकत्या बदलून सुधारणा झाली असे मानणाऱ्याने साखळीचा एक दुवा सोन्याचा केला आणि गंजलेला दुवा तसाच ठेवला, असे म्हणावे लागेल.

उरलेले गुणदोष

सिरॅमिकच्या बाजूने दोन-तीन गोष्टी निःसंशय मांडता येतात. चार चाकांवर मिळून सुमारे २० किलोग्रॅम वजन कमी होते, आणि हे वजन स्प्रिंगांच्या खालचे असल्यामुळे चाक सडकेचा चढउतार अधिक तत्परतेने अनुसरते. ही चकती गंजत नाही. पावसाळ्यात चार दिवस उभ्या राहिलेल्या मोटारीच्या बिडाच्या चकतीवर येणारा तांबूस थर तिच्यावर येत नाही. तिच्यापासून ब्रेकची काळी भुकटीही कमी उडते, आणि रस्त्यावरील सौम्य वापरात ती दीर्घकाळ टिकते.

विरुद्ध बाजूस किमतीखेरीज तिचा ठिसूळपणा येतो. चाक काढताना ते चकतीच्या कडेवर आदळले, तर टवका उडू शकतो. आणि पंक्चर काढण्यासाठी वाटेतील दुकानात मोटार उभी करावी लागली, तर तेथील कारागिरास ही गोष्ट ठाऊक असेलच असे नाही. बिडाची चकती मात्र कातून घेता येते, सहज मिळते आणि बदलण्यास सोपी असते.

या दोहोंच्या मध्ये आता तिसरा मार्गही निघाला आहे. २०१७ साली पोर्शने बिडाच्याच चकतीवर टंगस्टन कार्बाइडचा अत्यंत पातळ थर चढविलेले ब्रेक बाजारात आणले. बिडाची उष्णताधारकता कायम ठेवून पृष्ठभाग कठीण करणे, गंज रोखणे आणि भुकटी कमी करणे, हा त्यामागील हेतू होता. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकांपासून उडणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रथमच मर्यादा घातल्यामुळे या दिशेने होणाऱ्या संशोधनास विशेष महत्त्व आले आहे. धातूंचे पृष्ठलेपन हा अभ्यासविषय असलेल्या विद्यार्थ्यांना येथे पुष्कळ वाव आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. ज्या मोटारीचे आयुष्य नागपूरचे रस्ते, समृद्धी महामार्ग आणि वर्षातून एखाद-दुसरी चिखलदऱ्याची फेरी यांत जावयाचे आहे, तिला बिडाची चकती पुरेशी आहे. खर्च करावयाचाच, तर तो प्रथम टायरांवर, नंतर ताज्या ब्रेक ऑइलवर, नंतर चांगल्या पॅडांवर आणि अखेरीस चकतीवर करावा. जी मोटार कारखान्यातूनच सिरॅमिक चकत्यांसह आली आहे, तिच्यातील त्या चकत्या काढण्याचे कारण नाही. त्यांचे वजन नियमाने तपासणे आणि चाक काढताना जपणे एवढे पुरे. जी मोटार धावपट्टीवर जावयाची आहे, तिच्या धन्याने मात्र फेऱ्यांचा, तापमानांचा आणि बदलाव्या लागणाऱ्या चकत्यांचा हिशेब मांडूनच निर्णय करावा.

महाग ब्रेक बसविल्याने चालकाच्या मनात येणारा निर्धास्तपणा हा या प्रश्नातील सर्वांत मोठा धोका होय. ताशी १२० किलोमीटर वेगावर दोन्ही चकत्यांना लागणारे अंतर एकच असते. त्यावेळी १४० ने जाणाऱ्या मोटारीस मात्र, तिच्यात कोणतीही चकती असो, सुमारे ६३ ऐवजी ८६ मीटर लागतात. हे २३ मीटर वाचविणारे द्रव्य कोणत्याही भट्टीतून अद्याप निघालेले नाही.